उपाशी हाड

चोवीस वर्षं आनंदराव दवाखान्याच्या प्रयोगशाळेत काचपट्ट्या रंगवत आले होते. रोग्याच्या हाडातला मगज सुईने ओढून आणला, की तो काचेवर पसरायचा, रंगवायचा आणि डॉक्टरांपुढे ठेवायचा. रोग्यांशी बोलणं हे काही त्यांचं काम नव्हतं. तरी १९८२च्या श्रावणात काटोलच्या जयवंताची सुई दुसऱ्यांदा कोरडी आली, तेव्हा तिची आई प्रयागबाई त्यांच्याच दाराशी येऊन बसल्या.

जयवंता चाळिशीची. अंगात रक्त ठरत नव्हतं, डाव्या कुशीत प्लीहा वाढून दगड झालेली. गावचा कंपाउंडर महिनोन् महिने लोहाची इंजेक्शनं टोचत होता.

“भाऊ, आता तिसरी सुई नोको. आमी दुपारच्या एस्टीनं जातो.”

“काहून वं माय?”

“दोन्ही खेपेले सोमवार होता. मीच तिले सोळा सोमवार धरायले लावले. उपाशी हाडातून काय निघन गा?”

आनंदरावांना हसू आलं नाही. “खरं सांगू माय? मी त सुईलेच शिव्या दिल्या. तिले धार मीच लावली होती.”

“म्हंजे आपन दोघंबी गुन्हेगार.”

“तेच त पाहू द्या, कोन खरा ते. या खेपेले मगज नाही ओढायचा. काडेपेटीच्या काडीएवढा हाडाचा तुकडा काढायचा. न पाहता गेल्या, त तो कंपाउंडर टोचतच राहीन.”

प्रयागबाईंनी पदराने तोंड पुसलं. एस्टी गेली, त्या राहिल्या.

हाड मऊ करायला, कापायला, त्यावर चांदीचा रंग चढवायला आठवडा गेला. डॉक्टर अरुंधतींनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं आणि आनंदरावांना खुर्ची दिली. आनंदरावांनी पाहिलं. मग डॉक्टरांना विचारून त्यांनी प्रयागबाईंना बोलावलं आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितलं.

“केसच केस दिसून राहिले.”

“केस नाही माय. घरी सुतळीची बाज असते ना? हाडात रक्त जन्मते, त्याले निजायले तशीच बाज लागते. ते विनणाऱ्या पेशी वेगळ्या. इथं त्याईनं सुतळीवर सुतळी इतकी विनली, का लेकराले जागाच नाही उरली. म्हणून सुईत काही येत नव्हतं. हाड उपाशी नाही, गच्च भरलं आहे.”

“विननाऱ्या येड्या झाल्या का?”

“नाही आजी,” डॉक्टर म्हणाल्या, “त्या मुळात चांगल्या. रक्त बनवणाऱ्याच काही पेशी बिघडल्यात. हा रक्ताच्या कॅन्सरचाच एक प्रकार. त्या बिघडलेल्या या विणणाऱ्यांना भलत्या कामाला लावतात, असं आता दिसू लागलंय.”

प्रयागबाईंनी पुन्हा डोळा लावला. बराच वेळ लावून धरला.

“दुसऱ्यानं जुंपलं, अन् या विनत राहिल्या. बिचाऱ्या.”

मुळापासून बरं करणारं औषध नव्हतं; डॉक्टरांनी ते लपवलं नाही. लोहाची इंजेक्शनं बंद केली. लागेल तसं रक्त द्यायचं, दर महिन्याला तपासायचं, इतकंच ठरलं.

निघताना प्रयागबाई पुन्हा दाराशी आल्या. “तुमची सुई चांगली होती गा भाऊ.”

मागे बाकावर जयवंता पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिच्याकडे वळून त्या म्हणाल्या, “उरलेले सोमवार आता मी धरतो. तू जेवत जाय.”

“अन् तुले चक्कर आली त?” जयवंता म्हणाली. “मंग हे भाऊ तुलेच सुई टोचतीन.”

प्रयागबाईंनी पिशवीतून भाकर काढली, अर्धी मोडून लेकीला दिली, आणि जरा थांबून उरलेली स्वतः खाल्ली.