चीफचं पांढरं हेल्मेट

मी लावलेला रंग पाण्यात तासाभरात पूर्ण विरघळतो, याचा मला कित्येक वर्षं अभिमान होता. आम्ही दुबईत डिस्कव्हरी गार्डन्समध्ये राहतो आणि दर भाद्रपदात मी घरी शाडूचा गणपती करते. बाल्कनीत बादली, बादलीत बाप्पा आणि दुसऱ्या दिवशी तळाशी नुसती माती! रंगही घरचाच, खडूची पूड आणि डिंक. मैत्रिणी कौतुक करतात तेव्हा मी मान खाली घालून "काही नाही गं, सवय" एवढंच म्हणते. (मान खाली असते ती हसू लपवायला.)

मागच्या हिवाळ्यात मिलिंद, म्हणजे माझा नवरा, शारजापलीकडच्या हमरिया फ्री झोनमधल्या त्याच्या कंपनीत फायर टीमचा चीफ झाला. निवृत्त होऊन परत जाणाऱ्या कॅनडियन साहेबांनी त्याला स्वतःचं जुनं, कॅनडातल्या दिवसांतलं चामड्याचं हेल्मेट भेट दिलं. मागे लांब झुकलेली कड, पुढे पितळी गरुड आणि रंग काळाकुट्ट. घोळ त्या रंगाचाच होता. कंपनीच्या नियमानुसार टीमची हेल्मेटं काळी आणि चीफचं पांढरं. कितीही गोंधळ माजला तरी पांढरं हेल्मेट सांगेल ते ऐकायचं, हे प्रत्येकाच्या डोक्यात पक्कं बसवलेलं होतं.

"आठ दिवसांत ड्रिल आहे," मिलिंद म्हणाला. "इन्स्पेक्टर येणार. चीफ म्हणून माझं पहिलंच. फेल झालो तर चीफ दुसरा कुणीतरी होणार. मी हे सरळ गॅरेजमध्ये देतो, कार पेंटवाला करून देईल."

"कार पेंटवाला? घरात मी असताना?" माझा पारा चढला.

"अगं, लेदर आहे ते."

"मी बाप्पाच्या सोंडेवर नक्षी काढते. लेदरचं काय घेऊन बसलास!"

आता माघार घेणं शक्यच नव्हतं. दोन दिवस पॉलिशपेपरनं घासघासून मी जुनी चकाकी उतरवली. हेल्मेटबरोबर माझ्या बोटांचीही सालं निघाली. तिसऱ्या दिवशी ऑइलपेंटचा डबा आणला, पहिला हात मारला आणि अर्ध्या तासात दारावर सिक्युरिटीवाला.

"मॅडम, ऊपर से कम्प्लेंट आया. बहुत स्मेल है. पेंटिंग खलास करो."

पेंटिंग खलास? छे! मी ओला रंग टर्पेंटाइननं पुसून काढला, हेल्मेट कोरडं केलं आणि कपाटातून बाप्पाचा उरलेला पांढरा रंग काढला. ना वास, ना तक्रार! तीन दिवस एकावर एक पाच हात दिले. हेल्मेट उकडीच्या मोदकासारखं दिसायला लागलं.

आमची ईरा, वय वर्षं दहा, लांबून बघत होती. "आई, इज इट वॉटरप्रूफ?"

"आगीत घालायचंय ते, पाण्यात नाही!" मी ठणकावलं. (या वाक्यात काय चुकलं ते कळायला मला दोन दिवस लागले.)

ड्रिल बघायला घरच्या माणसांनाही बोलावलं होतं. गेटवर पाहुण्यांना हिरव्या, हेल्मेटसारख्या कडक सेफ्टी टोप्या वाटत होते. माझ्यापाशी येईपर्यंत त्या संपल्या, म्हणून मला एकुलती एक पांढरी मिळाली. "बघ, जोडी जमली!" मी मिलिंदला ओरडून सांगितलं. त्याचं लक्ष नव्हतं, त्याला घाम फुटला होता.

डिझेलचा ड्रम पेटवला. टीमनं ड्रमवर पाइप रोखला. मिलिंदनं रुबाबात हात वर केला, "पानी चालू!" लांब वॉल्व्हवर उभ्या असलेल्या दोघांनी पाणी सोडलं. माझा ऊर भरून आला. आणि नेमका समुद्रावरचा वारा फिरला. पाण्याचा अख्खा फवारा उलटून मिलिंदच्या अंगावर!

शेजारी स्टोअरचे दाऊदभाई उभे होते, मूळचे रत्नागिरीचे. ते डोळे बारीक करून म्हणाले, "वहिनी, साहेबांच्या डोक्यावरून ताक वाहतंय काय?"

ताकच ते! कानांवरून, नाकावरून, गणवेशावरून माझे पाचच्या पाच हात ओघळत होते. या माणसानं दहा वर्षं वाट बघितली होती या दिवसाची! पुढचा मागचा विचार न करता मी पाहुण्यांसमोर बांधलेली दोरी ओलांडली आणि दोन्ही हात हलवत मैदानात धावले, "बंद करा! पानी बंद करो!"

वॉल्व्हवाल्यांनी पाहिलं. पांढरं हेल्मेट हात हलवतंय. त्यांनी पाणी बंद केलं.

आग भसकन वर उठली. मिलिंद किंचाळला, "किसने बंद किया? चालू करो!" पण तोवर त्याचं हेल्मेट पुन्हा काळंकुट्ट झालेलं आणि चेहरा पांढराफटक. काळ्या हेल्मेटवाल्याचं कोण ऐकणार?

"चीफ बोला बंद!" दोघांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

मिलिंदनं माझ्याकडे पाहिलं. "मेधा, तू सांग! तुझंच ऐकतायत!"

मी छाती भरून श्वास घेतला. "पानी चालू! जल्दी! यल्ला, यल्ला!"

पाणी आलं. आग विझली. मैदानात इतकी शांतता पसरली, की ईराचं "ओ माय गॉड" शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

इन्स्पेक्टर सावकाश चालत आले. त्यांनी मिलिंदचं काळं हेल्मेट पाहिलं, पांढरा चेहरा पाहिला, मग माझी टोपी पाहिली. "टीम व्हेरी गुड," ते म्हणाले. "फॉलो द व्हाइट हेल्मेट, हंड्रेड पर्सेंट. पास." दोन पावलं गेले आणि वळून मिलिंदला म्हणाले, "नेक्स्ट टाइम, हबीबी, यू वेअर इट."

परतताना शारजाच्या ट्रॅफिकमध्ये मिलिंदनं गाडीच्या आरशात स्वतःचं पांढरं तोंड पाहिलं. मग तो हसायला लागला आणि मला रडू फुटलं. दुसऱ्या दिवशी हेल्मेट निमूटपणे कार पेंटवाल्याकडे गेलं. परत आलं तेव्हा मी त्यावर दोन बादल्या ओतून पाहिल्या. थेंब नुसते घसरून जात होते. रंग असावा तर असा! मी पराभव मान्य केला, चुकीतून धडा घेतला आणि पेंटवाल्याकडून उरलेला अर्धा डबा मागून आणला.

यंदा भाद्रपदात बाप्पाला तोच लावला.

विसर्जनाला आज एकोणीस दिवस झाले. बाप्पा बादलीत तसेच बसलेत, लख्ख पांढरे, हसरे. ईरा शाळेतून आली की दप्तर टाकून आधी बाल्कनीत जाते आणि तिथूनच ओरडून विचारते, "आई, इज इट वॉटरप्रूफ?"