नायट्रोजन बंद असताना

मी केमिस्ट्रीवाली. "मला जाणवलं" असं कुणी म्हटलं की आधी पुरावा मागणारी. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय.

पुण्यातल्या एका लॅबमध्ये मी मास स्पेक्ट्रोमीटरवर काम करते — रेणूंचं वजन सांगणारं मशीन. त्यात लोखंडाच्या संयुगाचे आयन अडकवायचे, नायट्रोजन वायू सोडायचा आणि तो त्यांना चिकटतो का ते बघायचं. चिकटला तर वजन अठ्ठावीसने वाढतं, स्क्रीनवरच्या आलेखात नवा सुळका उभा राहतो. सहा वर्षं मी आणि आमच्या टेक्निशियन सुरेखाताई वाट बघत होतो. नाहीच चिकटला.

"पुणेकर आहे गं तो. ओळखीशिवाय बोलायचा नाही," ताई म्हणायच्या.

ऑगस्टमध्ये ताई हार्ट अटॅकने गेल्या. यवतमाळहून आलेल्या मला इथे दुसरं कुणी नव्हतं. येरवड्यातली रूम, लॅब, परत रूम.

दिवाळीच्या सुट्टीतली दुपार. तीन वाजले असतील. लॅबमध्ये मी एकटी. नायट्रोजन बंद केला होता, मशीन नुसतंच चालू होतं. मी वहीत नोंदी करत होते, तेवढ्यात मागून आवाज आला —

"अगं, व्हॉल्व्ह नीट बंद केलास ना?"

"हो ताई," मी म्हणाले. सवयीने... आणि मग गर्रकन वळले. मागे फक्त त्यांचं रिकामं स्टूल.

स्क्रीनकडे पाहिलं तर अठ्ठावीसने पुढे सुळका! व्हॉल्व्ह तपासला — घट्ट बंद. बाहेरची हवा शिरली म्हणावं, तर ऑक्सिजनही दिसायला हवा. तो नव्हता.

मी पळाले नाही. स्टूलकडे तोंड करून बसले आणि बोलत राहिले... दोन महिन्यांत कुणाशीच न बोललेलं सगळं. अकरा मिनिटांनी सुळका आपोआप गेला.

लॅबप्रमुख सरांना त्या नोंदीची फाइल दाखवली. "लीक असेल. पुन्हा करून दाखवा, मग बोलू." कितीदा केलं... नाही आला.

शेवटी खडकीला ताईंच्या क्वार्टरवर गेले. त्यांच्या मिस्टरांना सगळं सांगितलं. हसतील असं वाटलं होतं. त्यांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"इथे घरात काही आवाज नाही हो आला," ते म्हणाले. "माझ्याबद्दल... काही विचारलं का तिने?"

"हो," मी म्हणाले. "वेळेवर जेवतात का, म्हणून."

तेवढं एक खोटं. बाकी जसं घडलं तसंच लिहिलंय, आणि ते का घडलं हे मला आजही माहीत नाही.