कोटाची छत्री

कपडे इस्त्री करणाऱ्या मावशींच्या दुकानात टेबलाखाली फडक्यांची एक थप्पी असे. जुन्या चादरी फाडून, कडा दुमडून शिवलेली फडकी. गेल्या वर्षी समोरचं गटार तुंबून पाणी दुकानात शिरलं होतं. गटार उपसताना फावड्यावर जी प्लास्टिकची कव्हरं आली, त्यांवर नाव याच दुकानाचं होतं. मावशी कोणाला काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून कपडे फडक्यात बांधून जाऊ लागले.

"कव्हरं संपली वाटतं, मावशी?"

"बंद केली. फडकं तेवढं परत आणा हं."

कोणी परत आणत, कोणी त्यानं स्कूटर पुसत. त्यांचा मुलगा करवादे, "जगाचा मक्ता तूच घेतलायस का?"

त्यात एकदा घाईत त्यानंच वकीलबाईंचा काळा कोट नव्या फाडलेल्या पांढऱ्या चादरीत गुंडाळला. कोटभर तंतू चिकटले.

"भर कोर्टात मी पिंजाऱ्यासारखी दिसत होते!" बाई कडाडल्या आणि समोरच्या लाँड्रीत गेल्या. त्या सगळ्यांत जुन्या गिऱ्हाईक.

"आता बास," मुलगा म्हणाला. "शनिवारपर्यंत बाई आल्या नाहीत, तर मी कव्हरांचा गठ्ठा आणणार."

"आण," मावशी म्हणाल्या.

संध्याकाळी त्या कोपऱ्यावरच्या छत्रीवाल्याकडे गेल्या. मोडक्या छत्र्यांचं कापड काळं, गुळगुळीत. त्याचे तंतू सुटत नाहीत. त्याची त्यांनी खोळ शिवली आणि वकीलबाईंचं दार वाजवलं.

"चूक आमचीच होती," एवढंच म्हणून त्यांनी ओल्या तळव्यानं कोटावरचा तंतू न् तंतू टिपला आणि कोट खोळीत सरकवला. गटाराचं नावही काढलं नाही.

"हे काय, कोटाला छत्री?" बाई म्हणाल्या. हसल्या मात्र नाहीत.

शनिवार उजाडला. दुपार कलली तसा मुलगा पायात चप्पल सरकवून बाजारात कव्हरं आणायला निघाला. मावशींनी इस्त्रीवरची नजर उचलली नाही. तेवढ्यात दारात वकीलबाई. हातात तीच खोळ, आत कोंबलेले दोन कोट.

"दुसरा आमच्या सिनियरांचा. समोरच्यांच्या कव्हरांचा एवढ्यातच ढीग झालाय, टाकवतही नाहीत. पण मावशी, चादर नको हं. छत्रीच!"

मुलानं पुढे होऊन दोन्ही कोट हातात घेतले.

"सिनियरांना वेगळी खोळ लागेल," तो पुटपुटला. चप्पल पायात होतीच. बाजाराकडे जाण्याऐवजी तो छत्रीवाल्याच्या कोपऱ्याकडे वळला.