मधला गाळा

मुलीला शाळेत प्रोजेक्ट होता: सीमेवरच्या नदीवरील मोक्याच्या रेल्वेपुलाचा इतिहास. कतारमध्ये नदी औषधालाही नाही. पण बाप गॅस प्लँटमध्ये इंजिनिअर, मग पोरीला कसली चिंता? चिंता होती, ती माझीच.

पुलाची गोष्ट अशी. सैन्य पलीकडे न्यायला तो बांधला. पुढे युद्धात, माघार घेणाऱ्या फौजेनेच मधला गाळा, म्हणजे दोन खांबांमधला तुकडा, सुरुंगाने उडवला आणि शत्रूला पलीकडच्या काठावर बसवून ठेवलं. मुलीच्या मॉडेलमध्ये हा गाळा नुसता टेकवलेला होता. दोरा ओढला की तो निळ्या कागदाच्या नदीत. सगळी मजा, आणि बरेचसे गुण, त्या पडण्यात.

हे ती मला तिच्या इंग्रजीत सांगत होती, तेव्हा मी साइटवरच्या माणसाला फोनवर ‘यल्ला, यल्ला’ करत घाईला लावत होतो. मान मात्र हलवली. मान हलवण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

संध्याकाळी मॉडेल हलवून पाहिलं, तर गाळा हातात. एवढं ढिलं काम, तेही माझ्या घरात? शाळेच्या वाटेवर अबू हमूरच्या स्पीडब्रेकरवर याचं काय होईल?

“अहो, तिचं तिला करू द्या,” बायको म्हणाली.

“मी फक्त चेक करतोय.”

चेक करता करता प्लँटवर पाइपला लावतो तो इपॉक्सी गोंद गाळ्याच्या फटींत भरला. दोरा तसाच ठेवला. शोभेचा असेल म्हटलं.

शाळेत पालकही बसले होते. मुलीने गोष्ट झकास रंगवली, सुरुंग पेटवला, दोरा ओढला. गाळा हलला नाही. तिने जोर लावला, तशी दोन्ही काठांसकट अख्खी नदी टेबलावरून घसरू लागली. बाईंनी झेप घेऊन ती वाचवली. मी एसीच्या जाळीचा अभ्यास करत होतो.

मुलीने माझ्याकडे एकदाच पाहिलं, मग वर्गाला शांतपणे इंग्रजीत सांगितलं, “फौजेने सुरुंग लावला. पण आदल्या दिवशी माझे बाबा पुलाची दुरुस्ती करून गेले होते. त्यामुळे शत्रू आरामात आत आला. खलास.”

वर्ग हसून लोटपोट. गोष्टीचे गुण पूर्ण मिळाले, मॉडेलचे कापले. म्हणजे तिचे मिळाले, माझे गेले.

एरवी माझ्या मराठीला इंग्रजीत उत्तर देणारी मुलगी गाडीत चक्क मराठीत बोलली.

“बाबा, पुढच्या वेळी तू फक्त गाडी चालव.”

मागच्या सीटवर पूल होता. सगळे स्पीडब्रेकर पार केले. मधला गाळा तसूभर हलला नाही.