स्वर्गातली पेटीची जागा

भाऊबीजेनंतरचा रविवार, मंडईचा, म्हणजे दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या नाटकांच्या मेळ्याचा दिवस. स्थळ कामठ्याजवळच्या आमच्या गावातल्या तलावाच्या बांधाची पाळ. हजर: माझे चुलत सासरे, म्हणजे काकाजी, ढोलकीवाले बुढाजी, पेटीमास्तरांच्या पत्नी, सतरंज्या अंथरणारी मी, आणि ऐकायला जमलेलं अर्धं गाव. शिवाय काकाजींच्या म्हणण्याप्रमाणे आमच्या नाटक मंडळीतले आजवर वारलेले सगळे कलावंत. त्यांच्यासाठी पुढची सतरंजी मोकळी सोडावी लागते. मी सोडते. हजेरी घ्यायची तर पुरती घ्यावी.

काकाजींइतका स्वर्ग माहीत असलेला माणूस अख्ख्या जिल्ह्यात दुसरा नसेल. पुराण सांगणारे पुष्कळ भेटतात, पण स्वर्गात पडदा कोणत्या बाजूनं ओढतात हे त्यांना विचारा, गप्प होतील. काकाजींना ते ठाऊक आहे. जुन्या कॅलेंडरांच्या कोऱ्या बाजूवर ते लिहितात आणि रविवारी दुपारी पाळीवर बसून वाचतात. त्यांच्या स्वर्गात आमच्या गावची मंडळी पुन्हा उभी राहिली आहे. इंद्र तिथला कंत्राटदार, चहाच्या बाबतीत हात आखडता. चित्रगुप्ताला प्रॉम्प्टर नेमलंय, कारण कोण काय बोलून गेला हे त्याच्याइतकं कुणाच्या ध्यानात राहत नाही. गोरेगावच्या बाजारात कपडे शिवणारे आमचे टेलर मास्तर वर गेल्यापासून नाटकातली बायकांची सगळी कामं त्यांच्याकडेच आहेत, त्यामुळे रंभा आणि मेनका प्रेक्षकांत शेंगा फोडत बसतात. ऐरावत विंगेत बांधलेला असल्यानं नटांना आत-बाहेर करताना पोट आत ओढावं लागतं. हे वाचताना काकाजी स्वतः कधी हसत नाहीत. तलावात यंदा पाणी किती आहे ते सांगावं, तितक्या सरळपणे वाचतात. मी तशी कामाची बाई. कुणाचं बोलणं लांबलं की मनात उद्याची भाजी ठरवू लागते. पण काकाजी वाचायला लागले की माझी भाजीही ठरत नाही.

त्यांच्या स्वर्गात शिरणं सोपं नाही. ज्याचं काम त्यांनी स्वतः पाहिलं नाही त्याला ते घेत नाहीत. मुंबईचा एक मोठा नट वारला तेव्हा पोरांनी त्याच्यासाठी फार गळ घातली. काकाजी म्हणाले, "सिनेमावाल्यांचा स्वर्ग अलग आहे. तिथं रिटेक भेटते. आपल्या इथं एकच डाव." ढोलकीवाले बुढाजी अजून चांगले हिंडते-फिरते, पण त्यांना जागा आतापासून धरून ठेवायची होती.

"माहं नाव टाकून ठेव ना बे."

"आधी मर, मंग बोल."

"मेल्यावर कसा बोलू?"

"मी बोलवतो ना तुले," काकाजी म्हणाले. बुढाजींचा चेहरा असा खुलला, जणू पेन्शन मंजूर झाली.

तर त्या मंडईच्या रविवारी वाचन रंगात आलं होतं. पेटीमास्तर, म्हणजे काकाजींचे जन्माचे मित्र, वारल्यापासून स्वर्गातला पडदा त्यांच्या पेटीशिवाय उघडत नसे. एक खेळ संपवून ते लगेच दुसऱ्यासाठी सूर धरत होते, तेवढ्यात त्यांच्या पत्नी, मास्तरीणबाई, उभ्या राहिल्या.

"भाऊजी, थांबा. जिता होता तवा दिवाळी झाली का मंडया, मंडया सरल्या का जत्रा. घरी कवा राहिला तो? मी म्हटलं, मेल्यावर तरी एका जागी बसन. तं तुम्ही तिकडंबी जुंपून राहिले त्याले! कायले? सोडा त्याले. घरी पाठवा."

मागे कुणीतरी खुदकन हसलं. मास्तरीणबाई हसल्या नाहीत. पदराचं टोक त्यांनी मुठीत गच्च धरलं होतं.

"वहिनी, पेटी नसली तं मंडळी बसते," काकाजी म्हणाले.

"माह्या घरचं सारं बसलं, ते कोनाले दिसलं?"

काकाजींनी कुणाच्या सांगण्यावरून एक ओळही बदललेली मला आठवत नव्हती. त्यांनी कॅलेंडर गुंडाळलं आणि ते उठून गेले.

पुढच्या रविवारी त्यांनी वाचलं ते असं. पेटीमास्तरांनी इंद्राकडे सुट्टी मागितली. इंद्र म्हणाला, सीझन आहे. मास्तरांनी पेटीचा भाता बंद केला आणि चालू लागले. टेलर मास्तरांनी मेनकेच्या पदराला डोळे पुसले. मग आमगावपर्यंत रेल्वे, पुढे एसटी, पुढे पाळीवरून पायी. वाटेत ओळखीचं कुत्रं भुंकलं नाही. दाराशी मास्तरांनी चपला काढल्या आणि बाजेवर बसले. कागद तिथं संपला. मास्तरीणबाई लगबगीनं उठल्या. "चाला बाई," त्या मला म्हणाल्या, "भात कमी टाकून आली मी."

दोन दिवसांनी विहिरीवर मी भीत भीत विचारलं, "मास्तर कसे आहेत?"

"कसा राहीन? जेवाले बसला तं ताटावर बोटं वाजवून राहिला! सुधरन थोडी तो." रागावल्या होत्या, पण डोक्यात अबोलीचा गजरा होता.

तिकडे स्वर्गात मात्र खेळ बंद पडले. पेटी नाही. कुणी आमगावचा एक वारलेला पेटीवाला सुचवला. काकाजींनी त्याला ऐकलेलं नव्हतं, म्हणून नामंजूर. रविवारमागून रविवार वाचनाशिवाय गेले. मग एका सकाळी मी चहा घेऊन गेले तर काकाजी ओसरीवर पेटीमास्तरांची पेटी पुढ्यात घेऊन बसलेले. मास्तरीणबाईंकडून मागून आणली होती. सा रे ग पर्यंत ठीक. पुढचा सूर दाबला की नुसती हवा येई.

"या वयात पेटी शिकता, काकाजी?"

"तिकडं जागा खाली आहे ना. बाहेरचा मानूस कायले घ्यायचा?" पुढची एसटी धरायची असल्यासारखे ते सहज म्हणाले. "हा एवढा सूर गोंदियाहून नीट करून आण, सूनबाई. मंग मी तयार."

गोंदियाला माझी खेप दर बुधवारी असते. औषधं, पंपाचा वॉशर, शिलाई मशीनचा पट्टा, जे यादीत असेल ते त्याच दिवशी उरकून येते. पेटी मात्र जुन्या लुगड्यात बांधून माझ्या खोलीच्या दाराआड ठेवली आहे, ती तिथंच आहे. बुधवारी संध्याकाळी काकाजी ओसरीवरून विचारतात, "झाली का ओ?"

"दुकान बंद होतं, काकाजी," मी सांगते, आणि पिशवीतली भाजी निवडायला घेते.