बादशहाची जोडी

हळदीच्या पानांत पातोळ्या उकडल्या की मला परळच्या घरातली गणपतीतली एक दुपार आठवते. जेवणं आटोपली होती आणि दादा पंख्याखाली चटईवर मोबाइलवर पोकर खेळत होता. डाव किरकोळ रकमेचे. पण खात्यातले पैसे संपले की खेळ कायमचा बंद, असं त्याने वहिनीला कबूल केलं होतं. हातात बादशहाची जोडी आली. टेबलावरच्या सामाईक पत्त्यांत मात्र एक्का उघडला आणि तोवर गप्प असलेल्या समोरच्याने इतके पैसे लावले, की खेळायचं तर दादालाही होते नव्हते ते सगळे लावावे लागणार होते. “पॅक करतो,” तो म्हणाला. तीन पत्तीत मुरलेली आत्या उसळली, “मेल्या, बादशहाची जोडी कोण पॅक करतं?” “आत्या, त्याच्याकडे एक्का असणार.” पातोळ्यांची ताटली ठेवत वहिनी म्हणाली, “आत्या बरोबर सांगतायत. लावा की सगळे!” एरवी त्या खेळाला नावं ठेवणाऱ्या वहिनीकडे दादाने एकदा नीट पाहिलं आणि डाव सोडला. “अरे, निदान शो तरी मागायचास!” आत्या ओरडली. पोकरमध्ये तेवढेच पैसे लावल्याशिवाय समोरचा पत्ते दाखवत नाही, हे तिला काही केल्या पटेना. त्याच्याकडे खरंच एक्का होता का, हे आजही आम्हाला माहीत नाही. वहिनीचा डाव मात्र दादाने बरोबर ओळखला होता.