मंगलताईंचं स्थळ

अनोळखी नंबरवरून फोन आला की मंगलताई आधी पदर सारखा करायच्या, घसा खाकरायच्या आणि मगच फोन उचलायच्या. मी एकदा विचारलं, "अहो ताई, पलीकडच्याला दिसतं का?" म्हणाल्या, "दिसत न्हाई भाऊ, पण आवाजात उतरतं. स्थळ आलेलं असलं तर?"

ऐकणाऱ्याला वाटावं, घरात लग्नाच्या पोरी आहेत. तसं काही नव्हतं. परभणीतल्या आमच्या मधुमेहाच्या दवाखान्यात मी लॅब बघतो. ताई संशोधन विभाग बघायच्या. नवं औषध बाजारात येण्याआधी कंपन्या निवडक दवाखान्यांत, रुग्णांच्या संमतीनं त्याचा अभ्यास करतात. अशा दवाखान्याला 'साइट' म्हणतात. ताईंनी त्याचं सरळ मराठी केलं: स्थळ. मग ओघानंच कंपनीवाले झाले मुलाकडचे, त्यांची पाहणी म्हणजे बघण्याचा कार्यक्रम आणि आमचे डॉक्टर वधूपिता! एकदा बसस्टँडवर ताई फोनवर ओरडल्या, "आमचं स्थळ एकदा बघून तर जा!" दुसऱ्या दिवशी पेडगावचे एक गृहस्थ मुलाचा फोटो घेऊन दवाखान्यात हजर. ताईंनी फोटो ठेवून घेतला. "आपलं जमंना, त्याचं तरी जमवू."

खरंच जमत नव्हतं. जुना अभ्यास संपलेला, नवा मिळेना. ताई कंपन्यांना मेल पाठवायच्या, परिषदांना जाऊन अनोळखी माणसांशी ओळखी काढायच्या. उत्तर एकच: कळवतो. "कळवतो म्हणजे नकार," ताई म्हणायच्या. "पसंत पडलेली माणसं चप्पल घालता घालता परत बसत्यात." शेवटी डॉक्टरांनी सांगून टाकलं, दिवाळीपर्यंत अभ्यास आला नाही तर विभाग बंद. म्हणजे ताईंची नोकरीही.

अशात हैदराबादच्या एका कंपनीच्या मॅडम पाहणीला आल्या. ताईंनी पोहे तेवढे वर्ज्य केले. "लय उतावीळ दिसतो आपण." मॅडमनी माझा औषधांचा फ्रीज उघडून पाहिला, मान डोलावली आणि कळीचा प्रश्न टाकला, "हिवाळ्यात सुरुवात आहे. रुग्णांनी दर आठवड्याला यायचं. किती मिळतील?"

वधूपित्यानं छाती फुगवली. "तुम्ही म्हणाल तितके!"

"सर, पोरीचं वय चोरू नका," ताई म्हणाल्या आणि मॅडमकडे वळल्या. "हिवाळ्यात सेलूकडं कापसाची वेचणी, गंगाखेडकडं ऊसतोड. दर आठवड्याला कोण येतंय? अन् मधेच सुटला तर त्यात तुमचं भलं न्हाई, अन् पेशंटचंबी न्हाई."

मॅडम हसल्या, चहा प्यायल्या आणि म्हणाल्या, "कळवतो."

डॉक्टरांनी अबोला धरला. मी ताईंना म्हटलं, "हो म्हणायला काय जात होतं? आता नोकरी जाईल."

"जाऊ द्या. लपवून जमवलेलं लग्न नांदत न्हाई, भाऊ."

दिवाळीच्या तोंडावर त्याच मॅडमचा फोन आला. तो अभ्यास हुकला होताच. पण दुसरा होता, उन्हाळ्यात सुरू होणारा, रुग्णाला दोन-तीन महिन्यांतून एकदाच बोलावणारा. "तुम्ही म्हणाल तितके, असं आम्हाला सगळेच सांगतात," त्या म्हणाल्या. "नाही म्हणणाऱ्या बाई आहेत ना अजून तिथे?"

फोन स्पीकरवर होता. डॉक्टर दोन्ही हातांनी 'हो म्हणा, हो म्हणा' असं खुणावत होते. ताई ऐसपैस टेकल्या.

"मॅडम, आता आमी विचारतो. औषधाचा त्रास झाला तर इलाज कोण करणार? अन् ज्याला गुण येईल, त्याचं औषध अभ्यास संपला की बंद का?"

पहिल्याचं उत्तर लगेच मिळालं: कंपनी करणार. दुसऱ्यावर मॅडम अडखळल्या. "वरिष्ठांना विचारून सांगते."

"सांगा. आमी थांबतो."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "मोडलं! हातातोंडाशी आलेलं मोडलं!" मलाही पाणी प्यावं लागलं. ताई मात्र आमच्याकडे, वधूपित्याला मांडवात घेरी आली की बायका बघतात, तशा बघत होत्या.

संध्याकाळी फोन आला. औषध पुढेही मिळणार होतं. तसं लेखीही येणार होतं. ताईंनी फोनवर हात ठेवला आणि घामाघूम डॉक्टरांना विचारलं, "सर, पोरगा बरा दिसायलाय. होकार कळवू?"